कुठं म्हणून विचारू नये

गॉलवेच्या ऑफिसात माझ्या टेबलावर एक फोटो असायचा. सह्याद्रीतल्या एका गडाच्या बुरुजावर, कमरेवर हात ठेवून, लांब कुठेतरी बघत उभा असलेला मी. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला पोट नव्हतं. त्या बुरुजावर मला दोन मित्रांनी वरून ओढून घेतलं होतं आणि उतरताना निम्मा गड मी बसून उतरलो होतो. पँटची मागची बाजू गडालाच वाहिली होती. फोटोत यातलं काही दिसत नाही. ऑफिसातलं कुणी विचारायचं, डोंगर चढतोस वाटतं तू? मी म्हणायचो, आमच्याकडे ते रक्तातच असतं. हे वाक्य इतक्यांदा बोललो की शेवटी मलाच ते पटायला लागलं. आयर्लंडला आल्यापासून मी चढलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे आमच्या भाड्याच्या घराचा जिना, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. तेव्हा इथे जो तो घर घेत सुटला होता. आपल्याकडे मुलीच्या लग्नाबद्दल बोलतात तसं जेवणाच्या सुट्टीत लोक घरांबद्दल बोलायचे. आम्हीही गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत एक घर बघितलं. बायकोला आवडलं, मुलीला तर मागच्या गवतासकट आवडलं. एजंट म्हणाला, सोमवारी सकाळी येऊन सही करा, नाहीतर मागे रांग आहे. आणि मी अडकलो होतो अण्णांपाशी.

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून कराडला एकटे राहायचे. पहिल्यांदाच तीन महिने आमच्याकडे आले होते आणि आता परत जायला थोडे दिवस उरले होते. इथे घर घेतलं म्हणजे आम्ही परत येत नाही, आणि अण्णा तिकडे एकटेच, हे घरात सगळ्यांना कळत होतं. बोलत कुणीच नव्हतं. त्यांनी एकदा नुसतं 'घे' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ऑफिसात माझ्या हाताखाली अख्खी टीम, मीटिंगमध्ये मी टेबलावर बोट आपटून बोलणारा माणूस. पण बापाच्या तोंडून एक अक्षर निघाल्याशिवाय पेन उचलायची माझी छाती नव्हती.

अण्णांना मी ते घर दाखवलंसुद्धा. त्यांनी सगळ्या खोल्यांतून चक्कर मारली, स्वयंपाकघरातली प्रेस उघडून बघितली (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आता आम्हीही म्हणतो), सिंकचा नळ सोडला, त्याखाली हात धरला आणि म्हणाले, "पाण्याला दाब चांगला हाय." बस. गाडीत बसेपर्यंत मी पुढच्या वाक्याची वाट बघत होतो. ते काही आलं नाही.

बायको म्हणाली, सरळ विचार ना. आता तिला काय सांगणार? आमच्या घरात सरळ विचारायची रीतच नाही. आणि त्यातही एक प्रश्न तर मुळीच विचारायचा नाही. माणूस बाहेर निघाला की त्याला 'कुठं' म्हणून विचारायचं नाही. विचारलं की काम होत नाही. हे तसं आपल्याकडे घरोघरी असतं, पण आमच्या घरात त्याचा कायदा होता. चुकून कुणी विचारलंच, तर निघालेल्या माणसाने मागे फिरायचं, दोन मिनिटं बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग पुन्हा निघायचं. गंमत अशी की अण्णा एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. दिवसभर मायक्रोफोनवरून कुठली गाडी कुठे, कुठल्या मार्गे, किती वाजता, हे अख्ख्या गावाला ओरडून सांगायचे. आणि घरी आले की पोरगा रात्रीच्या गाडीने पुण्याला चाललाय का नदीवर पोहायला, हेही विचारायचे नाहीत. मी आयर्लंडला निघालो तेव्हा त्यांनी तो देश नकाशात कुठे आहे, हेसुद्धा विचारलं नाही. दारात उभे राहून नुसतं "ये" म्हणाले.

तर मी ठरवलं की अण्णांना डोंगरात न्यायचं. चालता चालता माणूस मोकळा होतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. बायको म्हणाली, "सोफ्यावर बसून विचारता येत नाही, म्हणून डोंगर चढणार?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि दुकानात जाऊन बूट घेतले, जाकीट घेतलं, शिवाय गळ्यात अडकवायच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतला नकाशा घेतला. नकाशा मला वाचता येत नव्हता. पण गळ्यात शोभत होता.

शनिवारी आम्ही सगळे कॉनेमारात किलरीला गेलो. तिथे समुद्र डोंगरांच्या मधून लांबवर आत शिरलाय, आणि दोन्ही बाजूंनी डोंगर थेट पाण्यात उतरलेत. काठावर एका विधवा आजीबाईंचं घर होतं. वरच्या दोन खोल्या त्या प्रवाशांना द्यायच्या. तिथे सामान टाकलं. मुलीला सर्दी झालेली, म्हणून ती आणि बायको मागे थांबणार आणि मी नि अण्णा जाणार, असं ठरलं. मी सगळा जामानिमा करून दारात उभा. शेजारी अण्णा. माकडटोपी, हाफ स्वेटर, पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात काळी छत्री आणि खांद्याला चपात्यांच्या डब्याची पिशवी.

आजीबाईंनी विचारलं, कुठे निघालात? कुठल्या बाजूला? परत किती वाजता?

अण्णांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण एवढं कळण्याइतकं येत होतं. त्यांनी छत्री भिंतीला टेकवली, मागे फिरले, पॅसेजमधल्या खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, पाणी माग. आजीबाई घाबरल्या. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. त्यांनी पाणी आणलं, मग चहा आणला, मग ब्राऊन ब्रेड आणि लोणी आणलं, आणि अपशकुन टळायला आम्हाला चांगला पाऊण तास लागला. जाताना त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी अण्णांकडे बघितलं आणि म्हणालो, असंच जरा, इकडेतिकडे. बाई म्हणाल्या, काठाकाठाने जुना हिरवा रस्ता आहे, तो ग्रँड आहे (इथे छान, ठीक, बरं, सगळ्यालाच ग्रँड म्हणतात), फक्त तो सोडू नका. बायको जिन्यात उभी होती. तिने काही विचारलं नाही. लग्न होऊन आमच्या घरात आल्यापासून तीही तयार झाली होती.

हिरवा रस्ता खरंच सुंदर होता. दुष्काळात लोकांना काम द्यायचं म्हणून कधीकाळी बांधलेला, आता सगळा गवताने भरलेला. खाली पाण्यात शिंपल्यांच्या शेतीची काळी पिंपं ओळीने तरंगत होती. पलीकडच्या डोंगरावर ढग बसला होता. अण्णा रस्त्याची रुंदी बघत चालले होते. मधेच म्हणाले, "लाल डबा बसंल ह्यातनं. वळणावर जरा जड जाईल." मी म्हटलं, आता ते बोलते झालेत, आता विषय काढावा. घसा खाकरला आणि म्हणालो, अण्णा, हवा कशी वाटते? ते म्हणाले, बरी हाय. थोडं पुढे गेल्यावर परत घसा खाकरला आणि मेंढ्यांवर बोललो. मेंढ्यांच्या पाठीवर निळे-लाल पट्टे होते, कुठली मेंढी कुणाची ते कळावं म्हणून. त्यावर आमचं बरंच बोलणं झालं. घर काही आलं नाही.

मग मला वाटायला लागलं की जागाच चुकली. अशा सपाट रस्त्यावर कसला बाप मोकळा होतोय? वर जायला हवं. वरून सगळं पाणी दिसेल, वारा लागेल, आणि मग मी म्हणेन. तेवढ्यात डावीकडे एक वाट दिसली. काय वाट होती म्हणून सांगू! पायाखाली घट्ट झालेली, अगदी रोजच्या वापरातली. डोंगरात मळलेली वाट सोडू नये, हे आमच्याकडे पोरालाही माहीत असतं, कारण मळलेली वाट माणसांनी मळलेली असते. ती वाडीला जाते, नाहीतर देवळाला, नाहीतर पाण्याला. मी अण्णांना हे सगळं समजावून सांगितलं. नकाशाकडे बघून मानही डोलावली. मेंढ्यांच्या देशात वाटा मेंढ्या मळतात आणि मेंढीला कुठेही पोचायचं नसतं, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. नाही म्हणायला मेंढ्या आमच्या पुढेच चालल्या होत्या.

वाट वर गेली, आडवी गेली, पुन्हा वर गेली आणि एका जागी मेंढ्यांना चांगलं गवत मिळालं तिथे संपली. देऊळ नाही, वाडी नाही, 'मामा, खाली कसं जायचं' म्हणून विचारायला माणूस नाही. मी म्हटलं, सरळ वर चढू. आणि धुकं आलं. आलं म्हणजे असं आलं की अण्णांची छत्री दिसायची आणि अण्णा दिसायचे नाहीत.

पुढचं पाऊल मी चिखलात टाकलं. वरून हिरवंगार गवत, खाली नुसता काळा राडा. मांडीपर्यंत आत गेलो. माझ्या तोंडून जे शब्द आले ते बापासमोर मी त्याआधी कधी काढले नव्हते. अण्णांनी छत्रीची मूठ पुढे केली. मी तिला धरलं, त्यांनी ओढलं. चोविसाव्या वर्षी दोन मित्रांनी ओढलं होतं; आता एकट्या म्हाताऱ्याने ओढलं. मी बाहेर आलो, माझा डावा बूट आला नाही. नवाकोरा बूट. अण्णांनी खांद्याची पिशवी उतरवली, आतला डबा काढला आणि ती नारिंगी पिशवी माझ्या पायाला बांधून दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर पायही दाखवला होता.

मोबाइलला रेंज नव्हती. मी शिट्ट्या मारल्या, ओरडलो. आम्ही एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसलो. अण्णांनी छत्री उघडून दोघांच्या मधे धरली आणि डब्यातली चपाती माझ्या हातात दिली. वेळ जात होता. पाऊस नव्हता, पण सगळं ओलं होत होतं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की अण्णांच्या हातातली छत्री हलतेय आणि वारा तर नाहीये. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. मी माझं जाकीट त्यांच्या अंगावर घातलं. तेव्हा मला भीती वाटली. या माणसाला मी एक शब्द वदवून घ्यायला इथवर आणलं आणि आता याला काही झालं तर मी काय करणार? घराचा विषय काढायला याहून एकांत मिळणार नव्हता. पण ते इतके म्हातारे दिसत होते की मला लाज वाटली.

शेवटी अण्णांनीच विचारलं.

"आपण हितं हाय, हे कुणाला ठावं हाय का?"

"नाही."

"सूनबाईला?"

"तिने विचारलं नाही."

"व्हय," ते म्हणाले. "कशी विचारंल? आपल्यात न्हाई विचारत." आणि मग सगळी चपाती संपेपर्यंत धुक्यात बघत बसले.

खाली, त्या वेळी काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. संध्याकाळची जेवणवेळ टळून गेली तशा आजीबाई बायकोकडे आल्या आणि म्हणाल्या, नवरा कुठल्या बाजूला गेलाय? बायको म्हणाली, मला माहीत नाही. सांगून नाही गेला? नाही. तू विचारलं नाहीस? बायको म्हणाली, आमच्यात विचारत नाहीत. त्यावर आजीबाईंनी तिच्याकडे कसं बघितलं ते बायको अजून करून दाखवते. मग त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याला फोन केला. तो कुत्रा घेऊन निघाला. पण जाणार कुठे? आधी तो हिरव्या रस्त्यानेच पुढे खिंडीकडे गेला, तिथे बघितलं, मग परत येऊन या बाजूला आला.

आम्हाला आधी कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. इथे उन्हाळ्यात उजेड दहापर्यंत असतो, तेव्हा अजून दिसत होतं, आणि धुकंही विरळ व्हायला लागलं होतं. ते बाजूला झालं आणि मी बघितलं तर आमच्या पायाखाली, अगदी दगड टाकला तर पोचेल एवढ्यावर, तोच हिरवा रस्ता. त्यावर एक बाई बाबागाडी ढकलत चाललेली. शेतकऱ्याने खालून माझ्या पायाची नारिंगी पिशवी बघितली आणि हात केला. वर येऊन म्हणाला, मी मघाशी इथूनच गेलो. तुम्ही इकडे आहात हे माहीत असतं तर नुसती हाक मारली असती. मी मनात म्हटलं, आमच्याकडे ते रक्तातच असतं.

परतल्यावर आजीबाईंनी अण्णांना शेकोटीपाशी बसवलं, पायांवर गोधडी टाकली, हातात सूप दिलं. मग माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही, पण मला शाळेत असल्यासारखं वाटलं.

"काय म्हणती ती?" अण्णांनी विचारलं.

मी म्हणालो, काही नाही, काळजी वाटली म्हणतात.

"एवढंच नाही म्हणाल्या," बायको म्हणाली. "अण्णा, त्या म्हणाल्या, मी विचारते ते चौकशा करायला नाही. तुम्ही परत आला नाहीत तर कुठल्या डोंगरावर माणूस धाडायचा, ते मला माहीत पाहिजे."

अण्णांनी सुपाचा वाडगा खाली ठेवला. "कुठल्या डोंगरावर," ते स्वतःशीच म्हणाले.  रविवारी आम्ही घरी परतलो.

सोमवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला. डावा पाय सुजलेला, तो कसाबसा बुटात कोंबला. अण्णा सोफ्यावर बशीतून चहा पीत होते. त्यांनी 'घे' म्हटलं नव्हतं. 'नको'ही म्हटलं नव्हतं. माझ्याकडे आता वेळ नव्हता. बायकोने कागदांची फाइल हातात दिली. मी दाराच्या कडीवर हात ठेवला आणि म्हणालो, येतो.

"कुठं चाललायस?"

बायको हातातला कप धरून तशीच उभी राहिली. मी वळलो. अण्णा सोफ्यावरून उठले होते. माझ्या उभ्या आयुष्यात या माणसाने मला हा प्रश्न विचारला नव्हता.

"घराची सही करायला, अण्णा."

"ते कळलं. जागा कुठली? जाणार कसा?"

मी सांगितलं. हॉस्पिटलवरून, मग पूल, मग चौकात डावीकडे. परत कधी, असं विचारलं, तेही सांगितलं, बारापर्यंत. त्यांनी सगळं परत म्हणून दाखवलं, तोच स्टँडवरचा आवाज, हॉस्पिटल, पूल, चौक मार्गे, बारा वाजता परत. मग हळू आवाजात म्हणाले,

"आन् ते घर. ते कुठं हाय, तेबी नीट लिहून दे. मोठ्या अक्षरात दे. मी तिकडं एकटा असणार. उद्या यायचं झालं तर कुठल्या डोंगरावर यायचं, ते मला म्हाईत पायजे."

 मी मान हलवली आणि कडी उघडायला लागलो.

"थांब," अण्णा म्हणाले. "मी कुठं म्हणून विचारलंय. बस दोन मिंटं. पाणी पी. काम झालं पायजे."

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. ते स्वतः स्वयंपाकघरात गेले, दोन प्रेस चुकीच्या उघडल्या आणि शेवटी नातीच्या कपातून पाणी घेऊन आले. कपावर मेंढीचं चित्र होतं. मी पाणी प्यायलो, आणि त्यांनी रिकामा कप परत घेतला.

"ये," ते म्हणाले.

बाहेर येऊन गाडीत बसलो आणि किल्ली लावायच्या आधीच रडायला लागलो, चांगला हमसून. शेजारचे आजोबा कुत्र्याला फिरवत होते, त्यांनी काचेवर टकटक केलं आणि विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी काच खाली केली, नाक पुसलं आणि म्हणालो, ग्रँड. मग त्यांनी विचारलं, कुठे निघालास? मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी चौकात डावीकडे वळण्यापर्यंत.